अण्णांचं हिरवं बटण

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्रुपवरच्या आजच्या शिफारशीला एकोणचाळीस अंगठे! कागदाचा फोटो काढला की कडा आपोआप कापून स्वच्छ पीडीएफ करून देणारं ॲप. सोबत कंप्युटरसाठी एक — आधी कॉपी केलेलं सगळं ध्यानात ठेवणारं. कॉलेजातले दोन प्राध्यापकसुद्धा म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं." विष्णुपुरीला कॉलेजच्या लॅबमध्ये अठरा वर्षं मशिनी सांभाळल्या, पण नाव झालं ते या रविवारच्या यादीनं. आमचे अंबरीशराव म्हणतात, "बायको कमी अन् ॲपची दुकानदार जास्त." म्हणू दे. नवऱ्यानं कधी कौतुक केलंय का!

मागच्या महिन्यात लातूरला अण्णांच्या फोनमध्येही तीन गोष्टी टाकून आले. मोठी अक्षरं दाखवणारं एक, बुद्धिबळाचा गेम — आम्ही दोघांनी आपापल्या घरून, सवडीनं चाल करायची — अन् 'वेळेवर'. हे रोज सकाळी आठला वाजतं. अण्णांनी बीपीची गोळी घ्यायची अन् हिरवं बटण दाबायचं. माझ्या फोनवर हिरवी खूण येते. साडेआठपर्यंत दाबलं नाही तर लाल खूण, अन् माझा फोन बोंबलतो. आई गेल्यापासून अण्णा एकटे. आता इथं बसून कळतं, जिवाला घोर नाही. अर्ध्या नांदेडला मी हे ॲप सांगितलंय.

२६ नोव्हेंबर

फोन बोंबलला. मी सिटी बसमध्ये, एका हातात दांडा, एका हातात डबा. "अण्णा, गोळी?" "घेतली की." "मग बटण?" "अगं हो, राहिलंच बघ! बरं, डब्यात काय नेलंस आज?" मग अंगणातल्या झाडाला किती पेरू लागले, त्यातले राघूंनी किती खाल्ले. उतरेपर्यंत तेच.

२ डिसेंबर

आठवड्यात तिसऱ्यांदा! चाळीस वर्षं गणित शिकवलं माणसानं, अन् एक बटण ध्यानात राहत नाही. आज भडकलेच. "अण्णा, मला कामं असतात हो! तुमच्या एका बटणापायी रोज फोन करत बसू का?"  अण्णा म्हणाले, "बरं बाई. दाबत जाईन." आवाज पडला होता. नंतर मलाच वाईट वाटलं.

बुद्धिबळात माझी चाल नऊ दिवसांपासून राहिलीय. त्यांची मिनिटात येते. आज करते.

३ डिसेंबर

नाही केली.

७ डिसेंबर, रविवार

या वर्षातला सगळ्यात भारी शोध! दिवसभराच्या सूचना गोळा करून ठेवणारं अन् संध्याकाळी सहाला एकदम दाखवणारं ॲप. मध्ये टिंग नाही की टुंग नाही. ग्रुपवर लिहिलं — डोकं शांत ठेवायचं असेल तर हे घ्याच! त्रेपन्न अंगठे. आजवर एवढे कधी पडले नव्हते.

माझ्या फोनमधलं सगळंच त्यात टाकलं. कॉलनीचा ग्रुप, बुद्धिबळ, 'वेळेवर'. 'वेळेवर'ला बोट जरा थांबलं. पण गोळी तर घेतातच ना ते! फक्त बटण विसरतात. संध्याकाळी बघितलं तरी चालतंय.

१२ डिसेंबर

लई शांत आठवडा. पाच दिवसांत अण्णांच्या चार लाल खुणा, रोज सहा वाजता दिसतात. सहाला माझ्या पोळ्या असतात, तेव्हा काय फोन करणार? अण्णांचाही आला नाही. ते स्वतःहून कधी करतच नाहीत — "तू कामात असशील" म्हणतात. उद्या करते.

१९ डिसेंबर

अण्णा पडले. लातूरला निघालो.

२१ डिसेंबर, लातूर

काल लिहिणं झालं नाही.

परवा येळवस होती, शेतात जाऊन पूजा करायची वेळा अमावस्या. अख्खी गल्ली घराला कुलपं लावून शेतात गेली, भज्जी-आंबील घेऊन. अण्णांच्या पोळ्या करणारी धोंडाबाईसुद्धा. तिनं अण्णांना "चला सर आमच्या शेताला" म्हणून दोनदा सांगितलं होतं, ते नको म्हणाले. साडेपाचला ती त्यांच्यासाठी भज्जीचा डबा घेऊन परत आली, तर अण्णा खुर्चीपाशी जमिनीवर. शुद्ध होती, बोलता येत नव्हतं. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. धोंडाबाईचा मला फोन आला. बॅग भरतच होते तर सहा वाजले, अन् त्या मेल्या ॲपनं दिवसभराचं पुढं टाकलं. सगळ्यात वर — सकाळी साडेआठ, गोळीची नोंद नाही.

मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय, वाचा. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती." वाचा येईल का म्हणून विचारलं, तर सांगता येत नाही म्हणाले.

साडेआठला फोन केला असता. उचलला नसता, तर अजून दहा जणांना केले असते. कुणीतरी गेलंच असतं. मी लातूरची लेक! येळवशीला लातुरात चिटपाखरू नसतं, हे मला कुणी सांगायला पाहिजे? त्या एका दिवशी तरी करायचा होता फोन. माझ्या डोक्याला शांतता पाहिजे होती. घे आता.

२३ डिसेंबर

ग्रुपवर विचारून राहिले, "ताई, रविवारची शिफारस राहिली की!" मी लिहिलं, ते सूचनांचं ॲप सगळ्यांनी काढून टाका. लगेच एकीनं विचारलं, "का हो, व्हायरस निघाला का?" त्या ॲपनं त्याचं काम चोख केलं.  ग्रुप सोडला.

अण्णा माझ्याकडं बघतात अन् डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवतात. माझी त्यांच्याकडं बघायची हिंमत होत नाही.

२६ डिसेंबर

कपडे न्यायला घरी गेले होते. धोंडाबाई ओटा पुसत होती. मी म्हणाले, "गोळ्या चुकवल्या असतील हो त्यांनी, नाहीतर असं कसं झालं?" ती पदराला हात पुसून माझ्यावरच उखडली. "न्हाई ताई! सरांनी एकबी गोळी चुकवली न्हाई. माझ्यासमोर खातेत. ह्ये बघा." डबाच आणून पुढं ठेवला. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवर गोळीच्या एकेका खळग्याशेजारी बॉलपेननं तारीख. अण्णांचे ते कोरीव आकडे. एकही दिवस गाळलेला नाही. एकोणीस तारखेचीही गोळी घेतलेली.

"मग बटण का दाबत नव्हते?"

"मला काय ठाव? गोळी खायचे अन् फोन मांडीवर घेऊन बसायचे."

म्हणजे त्यांना ते जमतच नव्हतं. माझंच चुकलं. पाच मिनिटांत भराभर दाखवलं अन् बस पकडायला पळाले. "सोपंय हो अण्णा, कुणालाही येतं!" असं म्हणून. मला वजाबाकीत हातचा कळेना तेव्हा या माणसानं महिनाभर दम धरला होता. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारायची सोयसुद्धा ठेवली नाही. जगाला ॲप शिकवत फिरले, अन् बापाला एक बटण शिकवलं नाही. लाज वाटते.

३१ डिसेंबर

अण्णा बोलले! "पाणी." एवढंच, पण स्पष्ट. मी अन् नर्स दोघी रडलो.

दुपारी बुद्धिबळातली माझी चाल केली, एकदाची. उशाचा त्यांचा फोन वाजला. डाव्या हातानं घेतला, डोळे बारीक केले, घोडा सरकवला. मिनिट नाही लागलं. माझा वजीर गेला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी हसले. मग वाटलं, एवढं येतं, तर ते बटण का अवघड गेलं असेल?

४ जानेवारी, रविवार

काल अण्णांना घरी आणलं. आज आठला 'वेळेवर' वाजलं. गोळी दिली, त्यांचं बोट धरलं अन् सावकाश, मास्तरणीसारखं सांगायला लागले, "अण्णा, हे बघा, हे हिरवं —"

त्यांनी बोट सोडवून घेतलं. कितीतरी वेळ ओठ नुसते हलत होते. मग एकेक शब्द ओढून काढला.

"येतं मला… दाबलं की… तुझा फोन… येत नाही."