ओढ्याचं जुनं पाणी

१२ एप्रिल
बत्तीस! ओढ्याच्या लिटरभर पाण्यात बत्तीस मिलिग्रॅम नायट्रेट. बाबांनी डुकरं विकली तेव्हाही बत्तीसच होतं, त्याला आठ वर्षं झाली. वर ऊन, खाली उथळ कोमट खाडी — शेवाळाला आणखी काय हवं?
बाबांनी पलंगावरूनच विचारलं, "किती गं आज?" कॉफी उतू जातेय म्हणत मी सटकले.

३ मे
आलंच. किनाऱ्यावर शेवाळाचा हिरवा चिखल, घोट्याच्या वर. ट्रॅक्टर सकाळपासून उपसतायत. सडका वास आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या. बाबांना सांगितलं, वारं फार आहे.
बेकरीवाली म्हणाली, "तुमच्या डुकरांची कृपा!" मी म्हटलं, ती कधीच विकली. "मग हे कुठून येतं?" मी पाव उचलला नि निघाले.

१९ मे
प्रयोगशाळेतल्या सोआझिगने आज सांगितलं. "तुमच्या ओढ्याला झऱ्यांचं पाणी येतं ना? तो पंचवीस वर्षांपूर्वीचा पाऊस आहे, बाई. जमिनीतून झिरपत आत्ता पोचतोय."
तेव्हा मी पाच वर्षांची. बाबा सहाशे डुकरांची घाण शेतात ओतायचे. सगळेच ओतायचे. म्हणजे डुकरं विकल्याचा गुण यायला अजून सतरा वर्षं! आणि डॉक्टर म्हणतात, बाबांचा नाताळ निघणं कठीण.

२० मे
रडून झालं. उपयोग शून्य.

८ जून
चुलतभाऊ रोनान आला होता. आमच्या रिकाम्या शेड डुकरांसाठी मागतोय, दरवर्षीसारखाच. बाबांचं ठरलेलं उत्तर — "आधी खाडी निवळू दे."
"काका, तोवर माझे दात पडतील!"
हसता हसता बाबांना खोकल्याची उबळ आली. तो गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "एनोरा, खरं सांग. मी घाण केली, त्यातलं काही तरी निस्तरलं का गं?"
मी म्हटलं, "निस्तरलं, बाबा. बत्तीसवरून आठवर आलंय."
लहान मुलासारखे रडले. मला बघवेना.

९ जून
बाबांनी आज काळ्या पिठाची दोन धिरडी खाल्ली, लोणी लावून! मी खोटं बोलले. बोलले तर बोलले.

१५ जून
ओढ्याच्या पाण्याचे नमुने घेऊन घरी आले तर रोनान सफरचंदाच्या सायडरची बाटली उघडत होता. सही झालेला कागद टेबलावर. सप्टेंबरात आठशे डुकरं येणार.
"पाणी निवळलंय, मग पोराला कशाला अडवू?" बाबा म्हणाले. किती वर्षांनी इतके खुशीत!
मी तोंड उघडलं. मग ग्लास आणायला आत गेले.