केडगावात अणूचं वजन

३ जानेवारी
आजपासून आळस बंद. कॉलेजात इतकी वर्षं तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतोय, आता परमनंट व्हायचंच. जागा एक, दावेदार दोन. मी आणि धनश्री मॅडम. त्या नुसत्या हुशार आहेत. मी कार्बन नॅनोट्यूबचा ऑसिलेटर बनवणार. केसाहून हजारो पट बारीक नळी, सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरते. तिच्यावर एक अणू बसला तरी थरथर मंदावते, त्यावरून अणूचं वजन कळतं. बायकोला, अनिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आधी सिलेंडर आत घ्या.

७ जानेवारी
नॅनोट्यूब काजळीत सापडते. संस्थेचे चेअरमन आनंदराव आप्पा, त्यांच्याच गुऱ्हाळाच्या धुराड्यातून डबाभर आणली. ओळखही वाढली. शर्ट गेला.

११ जानेवारी, दुपारी
मायक्रोस्कोपखाली काहीच दिसलं नाही. उत्तम. नॅनोट्यूब साध्या मायक्रोस्कोपला दिसतच नाही. म्हणजे आहे.

१२ जानेवारी
काजळी काचपट्टीवर फासून वायरी आणि सेल जोडला. कान लावला. शांतता. एवढी फ्रिक्वेन्सी माणसाला ऐकूच येत नाही. म्हणजे चालू आहे.
अनिता म्हणते, कारेगावला कंपनीत भरती निघालीय. वैज्ञानिकांच्या बायकांना सोसावं लागतंच. शिकेल.

२० जानेवारी
कॉलेजात उद्घाटन. आप्पांना बजावलं, फुंकरसुद्धा मारू नका, एक अणूही जास्त नको. ते म्हणाले, न्हाई मारत, पण नवं मशीन पूजेबिगर कसं चालू करायचं? त्यांच्या आई सोजराबाईंनी पट्टीवर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, वर अक्षता वाहिल्या. आप्पांनी नारळ फोडला. पाणी थेट पट्टीवर. मला नको म्हणवेना. नमस्कार केला.
आप्पांनी विचारलं, वजन किती भरलं? मी छातीठोक सांगितलं, अणूंच्या हिशेबात बरंच. टाळ्या. धनश्री मॅडम खोबरं खात होत्या. जागा माझीच.

२७ जानेवारी
जागा धनश्री मॅडमना.
आप्पांनी मला मुद्दाम बोलावलं. म्हणाले, तुला वजनाची जाण हाय, म्हंजी तुला वाया घालवायचं न्हाई. गुऱ्हाळाच्या काट्यावर माणूस पाहिजे. परमनंट.
वाईट वाटलं. फारच. अनिताला सांगितलं, वजन-संशोधन विभागात निवड झाली. ती म्हणाली, आप्पांचा फोन येऊन गेलाय, उसाच्या ट्रॉल्या पहाटेच लागतात, जेवून झोपा.