बुधवारी उत्तरेला जाऊ नये

१७ जून १९५६, रविवार
जेवताना जयूने विषय काढला. इंटर सायन्स झालं, आता नर्सिंगला जायचंय म्हणे.
मी ओरडलो नाही. ओरडणारा बाप हरतो. उज्जैनीच्या फ्रीगंजात रेडिओचं दुकान उगाच उभं नाही केलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, भाव असा सांगायचा की ते आपणहून पायऱ्या उतरतं.
सगळ्यांसमोर जाहीर केलं: इस्पितळात तीन वर्षं राबून मिळणारं सर्टिफिकेट या घरात चालणार नाही. युनिव्हर्सिटीची डिग्री असेल तर खुशाल जा.
नर्सिंगची डिग्री! उद्या इस्त्रीची काढतील.
ही म्हणाली, शब्द दिलात हं. म्हटलं, दिला. जयूने न मागता पोळी वाढली. पोर समंजस आहे. हो गया काम.

१९ जून
नर्सिंगची डिग्री असते. दिल्लीला. बी.एस्सी. चार वर्षं.
इस्पितळातल्या अंबिका सिस्टर रेडिओ घेऊन दुकानात आल्या. मी नुसती घरघर ऐकून कुठला व्हॉल्व्ह गेला ते सांगतो. हा कान उज्जैनीत दुसऱ्याला नाही. सिस्टरच्या रेडिओत काहीच बिघाड नव्हता, हे मला स्विच फिरवताच कळलं. कशासाठी आल्या ते कळायला अर्धा कप चहा लागला.
सर्टिफिकेटवाली वॉर्ड सांभाळते, डिग्रीवाली पुढे शिकवते, मेट्रन होते, खेड्यापाड्यातली आरोग्यकेंद्रं चालवते, असं सगळं हिंदीत समजावून सांगितलं. वर भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, आप जैसे पिता कहाँ मिलते हैं, खुद बोले कि डिग्री ही चाहिए.
दोन गिऱ्हाइकांनी मान डोलावली. मीही डोलावली. दुसरं काय करणार?

२० जून
रात्रभर विचार करून तोड काढली. शब्द मागे घ्यायचा नाही, वाढवायचा.
सकाळी म्हटलं, बी.एस्सी. म्हणजे अर्धवट काम. आपल्याला एम.एस्सी. हवी. त्याखाली परवानगी नाही.
जयू म्हणाली, अण्णा, एम.एस्सी.ला आधी बी.एस्सी. करावी लागते. एम.एस्सी. अजून सुरू व्हायचीय, पण माझी बी.एस्सी. होईपर्यंत होईल, सिस्टर म्हणाल्या. म्हणजे सहा वर्षं झाली ना?
हिने स्वयंपाकघरातून विचारलं, चारची सहा केलीत?
काही दिवस बोलणं कमी करणार आहे.

२६ जून
नवा प्लॅन. याला तोड नाही.
ग्वाल्हेरचे भय्यासाहेब, जुना स्नेह. मुलगा दिलीप सचिवालयात. एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य संपणार, नवी राजधानी भोपाळ. सगळं ग्वाल्हेर कपाळाला हात लावून बसलंय. मी मात्र खूश. दिलीप भोपाळला आला म्हणजे जयू एका रात्रीच्या गाडीवर. मनात आलं की डबा घेऊन निघायचं.
भय्यासाहेबांना कळवलं, १२ जुलैला गुरुवारी मुलगी बघायला या.
घरी सांगितलं नाही. ऐन वेळी सांगावं.

२ जुलै
अडचण. सिस्टर रजेवर दिल्लीला निघाल्या आहेत, ११ तारखेला, बुधवारी. जयूला सोबत त्यांचीच. दिल्लीच्या कॉलेजात प्रवेशही मिळालाय, शुक्रवारी हजर व्हायचंय.
तडक राम घाटावर. गुरुजींना म्हटलं, बुधवारच्या प्रवासात काही खोट दिसते का बघा. खोटं बोला म्हणत नाही, नीट बघा. गुरुजींनी पंचांग उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, बघायचं काय? बुधवारी उत्तरेला दिशाशूल. निघू नये.
दिल्ली उत्तरेला! गुरुजींचा रेडिओ फुकट दुरुस्त करून देणार.
संध्याकाळी घरात पडलेल्या आवाजात सांगितलं, माझा नाइलाज आहे, शास्त्र आहे. रडारड होईल म्हणून तयारीत होतो. कुणी रडलं नाही. ही म्हणाली, बरं, गुरुजींना विचारते. विचार म्हटलं. माणूस आपलाच आहे.
भय्यासाहेब येणार तेही सांगून टाकलं. जयू म्हणाली, येऊ देत की. वळली पोर.

८ जुलै, रविवार
गुरुजी घरी. मी आतल्या खोलीत, कान बाहेर. ही म्हणत होती, काम व्हायलाच हवं गुरुजी, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. गुरुजी म्हणाले, उद्याचा दिवस उत्तम, वडिलांच्याच हातून ठेवू.
गुरुवारच्या बघण्याची हिलाच माझ्यापेक्षा घाई!

९ जुलै
सकाळी गुरुजींनी पिवळ्या फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं. जयूने आपला रुमाल आत घातला. गुरुजी म्हणाले, अण्णा, हे दुकानात नेऊन ठेवा, परत घरी आणू नका.
जयू पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवून म्हणालो, तुझ्या मनात आहे ते होवो.
गाठोडं सायकलला बांधून नेलं. फळीवर, नव्या सेटच्या वर ठेवलं. उदबत्ती लावली. कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी एक सेट खपला. जागृत आहे.

११ जुलै, बुधवार, दुपार
दुकानासमोर टांगा. टांग्यात ट्रंक, होल्डॉल, सिस्टर, ही आणि जयू.
मी ओरडलो, आज दिशाशूल आहे!
ही शांतपणे म्हणाली, ती आज कुठे निघालीय? सोमवारीच निघाली. चांगल्या दिवशी प्रस्थान दुसरीकडे नेऊन ठेवलं की माणूस घरातून निघाला असं धरतात. नंतर कुठल्याही वारी ते उचलायचं नि पुढे जायचं. तुम्हीच तर ठेवलंत.
मला काय माहीत? मी देवरुखाहून निघालो तो पळून. माझी सुपारी कोण ठेवणार?
घर फितूर. घाट फितूर. सायकलसुद्धा माझीच.
जयू पायऱ्या चढून आली, हात पुढे केला. अण्णा, गाठोडं. द्यायचं नाही असं ठरवेपर्यंत देऊन झालं होतं. जाताना वळून म्हणाली, त्या कोपऱ्यातल्या सेटचा व्हॉल्व्ह जातोय, ऐका.
मला ऐकू आला नव्हता. गेली तेव्हा ऐकू आला.

१२ जुलै
भय्यासाहेब आले. त्यांना कळवायचं राहूनच गेलं. हिने पोहे केले. मी सगळं सांगितलं, हिच्यासमोर, कोण कोण फितूर झालं ते नावानिशी. वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूने चिडेल.
भय्यासाहेबांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, वा! ग्रॅज्युएट सून! आमचंही भोपाळचं काही धड नाही, दिलीपला घर मिळेना. चार वर्षं सहज थांबू.
मी म्हटलं, सहा. एम.एस्सी. धरून.