तेविसावी ओळ

अण्णा, आज स्वयंपाकघराच्या फळ्या पुसायला काढल्या आणि हातातलं काम टाकून खालीच बसले. जयनगरच्या घरी फळ्यांवर अंथरायला तुम्ही संस्थेतले रद्द झालेले गणिताचे कागद आणायचात. मसाल्याच्या डब्यांखाली उपग्रह फिरतात, अशी आई चेष्टा करायची.

तेव्हा पहिला उपग्रह आकाशात जाऊन जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती. संस्थेत आपण दोघं हाताने फिरवायच्या यंत्रावर दोन छोट्या उपग्रहांचं गणित करत होतो. ते कुणी सोडलेले नव्हते. कागदावरच एकामागे एक पृथ्वीभोवती फिरायचे, आणि त्यांच्यातलं अंतर टिकतं का, हे दर मिनिटाची एक ओळ करून काढायचं होतं. एकच गणित दोघांनी वेगवेगळं करायचं, पाठीला पाठ लावून बसायचं, आणि काम संपेपर्यंत आकड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा नियम तुम्ही घरीसुद्धा पाळायचात. जेवताना फक्त एवढंच विचारायचात, "यंत्र शून्य केलंस का गं दर वेळी?" नव्या गुणाकाराआधी यंत्र शून्यावर आणलं नाही तर मागचा आकडा पुढच्या उत्तरात मिसळतो, हे शाळकरी पोरीसारखं रोज ऐकायचा मला वैताग यायचा. "केलं हो, अण्णा!"

मग तेविसाव्या ओळीपासून आपले कागद जुळेनात. तुमचे उपग्रह एकमेकांची सोबत धरून होते, माझा मागचा भरकटत चालला होता. साहेबांनी तुमच्या जाड चष्म्याकडे पाहिलं. मी नवीन, तुमच्याच शब्दावर सहा महिन्यांसाठी घेतलेली. तुम्ही उठून नेहमीच्या कानडी वळणाने म्हणालात, "सरी, साहेब. माझीच नजर चुकली. आता पुरे झालं." त्याच महिन्यात तुम्ही काम सोडलंत.

गणित नव्याने करताना तेविसाव्या ओळीवर मला तुमचाच आकडा मिळाला. यंत्र शून्य करायला मीच विसरले होते. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात अवरेच्या शेंगा सोलत बसला आहात. मी म्हणते, "अण्णा, ती ओळ..." आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "स्वल्प थांब. काम संपेपर्यंत बोलायचं नाही." मला किती सुटल्यासारखं वाटलं! काम संपलं, तरी मी बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर फळी साफ करताना माझाच तो कागद निघाला. तेविसाव्या ओळीशेजारी तुमच्या निळ्या पेन्सिलीने काढलेलं एक बारीकसं शून्य होतं. तुमच्या त्या नजरेला सगळं दिसलं होतं. मी तिथेच ढसाढसा रडले.

नात आता संगणकावर चार-चार उपग्रहांची अशीच गणितं करते. परवा तिने विचारलं, "पणजोबांनी काम का सोडलं गं?" मी म्हटलं, "डोळे अधू झाले होते त्यांचे." जीभ जराही अडखळली नाही.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, अण्णा. हा कागदही फळीवरच अंथरणार आहे, लिहिलेली बाजू खाली करून.