बियाण्याची खीर

२५ ऑक्टो.
सोयाबीनचं रान मोकळं झालं. सर्जाने हातकणंगल्याच्या दुकानातून गव्हाचं बी आणून सोप्यात टाकलं. बापाला विचारायची पद्धत या पोराने कधीच सोडली. पिशवीवर हातभर ओंबी छापलेली. म्हणतो, "आबा, लोकवन बास झाला. ह्यो नवा गहू बुटका हाय, वाऱ्यानं पडत न्हाय, मशीननं काढता येतोय." आणि माझी खपली, जुन्या वाणाचा गहू? "खपलीला चार महिने राखण करा, वर कांडत बसा." मी म्हटलं, तांबेऱ्याचा रोग पडला की ये विचारायला. खपलीला तांबेरा शिवत नाही, चिमणी तोंड लावत नाही. माझ्या बापापासूनचं बी आहे.
शेवटी ही, सर्जाची आई, मधे पडली. वरचं रान सर्जाचं, विहिरीकडचा तुकडा माझा. माझ्याच रानात मला तुकडा! असो.

२८ ऑक्टो.
हुपरीचे व्याही आले होते. सुनेला सकाळीच बजावलं, खिरीला घरची खपली घाल, दुकानातली नको. गूळ, खोबरं, बडीशेप. खीर अशी झाली की मी दोन वाट्या मागून घेतल्या. व्याह्यांना बियाची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "असलं बी आता कुठं ऱ्हायलंय पावणं!" बरं वाटलं.

३० ऑक्टो.
खरंच राहिलं नाही.
बी उन्हात घालावं म्हणून माळ्यावरचं पिंप उघडलं. तळाला कडुलिंबाचा पाला आणि राख. बस्स. मला वाटलं उंदीर. उंदीर परवडला असता.
सून सुनीता म्हणते, "मामा, तुमीच म्हणालासा की घरची घाल म्हणून. खायाची कवाच संपलीया. मी पिंपातली गिरणीत कांडून आणली." सगळी? "एकदम कांडली म्हंजे परत हेलपाटा नको."
खपली टरफलासकट पेरतात. सोलली की ती खाण्याची, बी उरत नाही. एवढं या घरात कुणाला ठाऊक नाही? शेतकऱ्याचं घर आहे का खानावळ? हिला म्हटलं, तू कुठं होतीस? तर ही म्हणते, "दोन वाट्या हाणल्यासा तवा बी दाताला लागलं न्हाय व्हय?" सगळे हसले. सर्जा सगळ्यात मोठ्याने.
जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

२ नोव्हें.
कांडलेली खपली डब्यात थोडी उरली आहे, बाकीची सुनीताने रव्यासाठी भरडली. त्यातली मूठभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली, रुजते का बघायला. गिरणीत टरफल निघताना दाण्याचं नाकही मोडतं, कोंब तिथूनच फुटतो. हे माहीत आहे. तरी पण... सारखं पोतं उघडून बघतो. ही ओरडते, "अंडी उबवायला बसलासा काय?"
सर्जाने मोबाईल नाकापुढे धरला. "आबा, हितनं खपली मागवू की. घरपोच येती." कुणाच्या रानातली? कुणी जपलेली? "रेंज गेली आबा." उत्तर नसलं की यांना रेंज नसते.

६ नोव्हें.
पोत्याला आंबूस वास. बहुतेक दाण्यांचा लगदा. इकडे तिकडे एखाद्याला मोड.
आपलं बी आता एकाच घरी. पलीकडच्या बांधाचा दस्तगीर मुलाणी. मीच दिलं होतं त्याला मागे, सूपभर, आणि तो दर साल पेरतो. पण उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून चारचौघांत मला खोटारडा म्हणाला. तेव्हापासून बोलणं बंद.
त्याच्या दारात जाणार नाही. बी गेलं तर गेलं.

९ नोव्हें.
थंडी पडली. सर्जाची पेरणी ट्रॅक्टरने उरकली. माझा तुकडा उघडा. येणारा जाणारा विचारतो, "आबा, औंदा पडीक का?" काय सांगू, खाल्लं म्हणून?
गेलो दस्तगीरकडे. जन्मभर मला 'गणप्या' म्हणणारा माणूस. आज म्हणतो, "या पावणं. वाट चुकलासा जणू." पावणं! मला! वर, "बी खाल्लंसा म्हणं. ग्वाड हुतं का?" म्हणजे गावभर झालंय. चहा दिला, तो प्यालो. बी मागितलंच नाही. म्हैस कशी आहे विचारलं आणि उठलो.
म्हैस चांगली आहे.

१२ नोव्हें.
डब्यातली खपली निवडायला बसलो. फुटका दाणा बाजूला, नाक शाबूत तो ठेवायचा. ही सूप घेऊन आली. मग सुनीता. म्हणाली, "मामा, मला कवा कुणी सांगितलंच न्हाय, कुठलं बी आन् कुठलं खायाचं." राग तसाच आहे, फक्त कुणावर ठेवायचा ते कळेना.
विहिरीच्या कडेने एकेक दाणा बोटाने खोचून टोकण केली. अर्ध्या तुकड्यालाही पुरलं नाही.

२० नोव्हें.
उगवलं. उगवलं म्हणायचं. म्हाताऱ्याच्या दाढीसारखं, इथे चार केस, तिथे दोन. उरलेल्या मोकळ्या रानालाही पाणी पाजून ठेवलं होतं. सर्जा म्हणाला, "आबा, मातीला कशापायी पाजतायसा?" त्याला काय सांगायचं! आज वाफसा आलाय. माती मुठीत धरली की गोळा होतो, सोडली की फुटतो.
संध्याकाळी दस्तगीर गाडी घेऊन बांधावर थांबला. मागे पोतं बांधलेलं. उतरला नाही. उगवलेलं बघितलं, मोकळं बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"पावणं, पीक इरळ आलंय."
म्हटलं, डोळे आहेत मला.
गाडी बराच वेळ चालूच ठेवली त्याने. मग गेला. पोत्यात काय ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.
रान उद्या पेरण्याजोगं आहे. परवा वाळेल. सकाळी विहिरीवर जाणार आहे, मोटार बघायला. तो त्याच वाटेने जातो, जाऊ दे. मी हाक मारणार नाही.
मारलीच तर एकदा.