गप्पू मासा का रडला?

१० नोव्हेंबर, सोमवार
आंतरवासितेचा पहिला दिवस. म्हसवडहून एसटीनं वस्तीवर. बालवाडी म्हणजे एक खोली, एक सतरंजी आणि भिंतीवर रंग उडालेला हत्ती. सेविका मंगलताई. त्यांनी विचारलं, किती दिवस आहात. मी म्हणालो, दिवसांपेक्षा परिवर्तन महत्त्वाचं. त्या बरं म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

माझा विषय 'कलेतून वाचन-आकलन'. कॉलेजातले बाकीचे छात्राध्यापक तेच ते तक्ते करतात. मी गोष्ट वाचून दाखवणार, मग मुलं ती चित्रात, मातीत, नाटकात उतरवणार. गोष्टही माझीच: गप्पू मासा समुद्रात राहतो, गर्व करतो, आईचं ऐकत नाही, जाळ्यात सापडतो, रडतो. बाकीचे मासे जाळं कुरतडून सोडवतात. महिनाभरात प्रत्येक मूल एका प्रश्नाचं उत्तर स्वतःहून देईल: गप्पू का रडला? अपेक्षित उत्तर, त्याला पश्चात्ताप झाला म्हणून.

संकल्प: रोज पाचला उठणे. आवाज न चढवणे. पाठटाचण आदल्या दिवशी लिहिणे.

११ नोव्हेंबर
उठलो साडेसातला. एसटी चुकली. पाचला उठण्याचा संकल्प सोमवारपासून.

गोष्ट वाचली. मुलं एकदम शांत. पूर्ण एकाग्रता. मंगलताईंचं म्हणणं, नुकतीच खिचडी खाल्लीय, झोपेत आहेत. प्रत्येकाचं निरीक्षण वेगळं असतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चित्रकला. समुद्र काढा म्हणालो. जवळजवळ सगळ्यांनी टँकर काढला. धुळा म्हणून एक आहे, दात पडलेला, त्यानं टँकरला खाली नळीसुद्धा काढली. त्याला विचारलं, मासा कुठाय. आत हाय म्हणाला. साक्षीनं मासा काढला, पण त्याला चार पाय आणि लोकर.

फार अ‍ॅडव्हान्स्ड प्रतीकात्मकता. फोटो काढले. पेपर लिहायला हरकत नाही.

सोनिया नावाच्या मुलीनं काहीच काढलं नाही. ती बोलतही नाही. आई-बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कराडकडे गेलेत. शाळा बुडू नये म्हणून हिला आजीजवळ, रंगुबाईंजवळ ठेवलंय. केस स्टडीसाठी तीच निवडली. ती बोलणार, आणि माझ्या पद्धतीनं बोलणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून पाचला उठायचं होतं. रविवारी गावाला गेलो होतो, प्रवासाचा शीण. पुढचा सोमवार.

मातकाम. मासे करा म्हणालो. भाकऱ्या झाल्या. मग चूल झाली, मग कोणीतरी पाहुणे आले, मला जेवायला बसवलं. मातीच्या भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेऊन खाल्ल्यासारखं केलं. धुळा म्हणाला, खाल्ली न्हाई, खिशात घातली. खरं होतं. पँट धुतली.

सोनियानं एक गोळा केला आणि तो दिवसभर मुठीत धरून बसली. नोंद: हाताच्या स्नायूंचा विकास चांगला.

१८ नोव्हेंबर
आबांचा फोन. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले तरी फोनवर हजेरी घेतल्यासारखंच बोलतात. पोरं वाचायला लागली का, विचारलं. मी समजावलं की वाचन आणि आकलन यात फरक आहे, आधी आकलन पक्कं झालं पाहिजे, वाचन मागून येतं. म्हणजे न्हाई, म्हणाले.

भरतीच्या धावण्यात मी मागे पडलो हे ते विसरत नाहीत. वास्तविक माझा पिंडच कलेचा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मुखवटे. रात्री बसून कागदी पत्रावळ्यांचे मासे केले. गप्पूचा मुखवटा मी घातला. पुढच्या रांगेतली मुलं रडली, ते बघून मागची रडली. धुळा चप्पल टाकून घरी पळाला. त्याला परत आणण्यात दुपार गेली.

सोनिया रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे तिला काल्पनिक आणि खरं यातला फरक कळतो. प्रगती.

घसा बसलाय. आवाज न चढवण्याचा संकल्प त्यामुळे आपोआप पाळला जातोय.

२२ नोव्हेंबर
सिद्धनाथाच्या यात्रेमुळे वर्ग रिकामा. मीही फिरून आलो. पाळणे, धूळ, गुलाल. साक्षी आईबरोबर भेटली, मला बघून आईच्या पदरामागं गेली. मुखवटा न घालताही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
पाचचा अलार्म वाजला. बंद केला. तत्त्वतः जाग आली होती.

कॉलेजच्या संयोगिता मॅडम बुधवारी निरीक्षण पाठाला येणार. आमच्या पाठांचे मार्क त्यांच्याच हातात. नाटक करायचं ठरवलं. जाळ्यासाठी रंगुबाईंकडून मेंढरं कोंडायची जाळी मागून आणली. त्यांनी विचारलं, किती मेंढरं हायती. म्हणालो, मासे आहेत. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

बुधवारी कुणी उत्तरच दिलं नाही तर पंचाईत. म्हणून साक्षीकडून 'पश्चात्ताप' हा शब्द थोडा पक्का करून घेतला. हे घोकंपट्टी नाही. भाषिक तयारी.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पाठ झाला. सविस्तर लिहितो.

मॅडम मागं छोट्या खुर्चीवर बसल्या. गोष्ट बरी वाचली. मग मी चार काठ्यांना जाळी लावली आणि म्हणालो, मासे पोहतायत, मासे पोहतायत, आणि आता जाळं आलं. मासे घाबरून पळणं अपेक्षित होतं. सगळे जाळी उचलून आपणहून आत शिरले आणि एकमेकांना टेकून डोळे मिटून बसले. मी म्हणालो, अरे तुम्ही अडकलाय. धुळा म्हणाला, आता लांडगा येत न्हाई.

मी प्रसंगावधान राखून थेट प्रश्नाकडे गेलो. गप्पू का रडला?

साक्षीकडे वळणार, तेवढ्यात सोनिया बोलली. पहिल्यांदाच. आवाज बारीक, पण स्वच्छ.

"आय भायेर ऱ्हायली म्हनून."

मी अजिबात आवाज चढवला नाही. हसून म्हणालो, "चूक बाळा. नीट आठव."

मग साक्षीला विचारलं. ती उभी राहून म्हणाली, "पच्चात्ताप झाला म्हनून." मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. खूप वाजल्या. सोनियानंही वाजवल्या.

पाठ संपल्यावर मॅडमनी एकच विचारलं, त्या पहिल्या मुलीच्या उत्तरात काय चुकलं होतं. मी बराच वेळ समजावलं. गोष्टीत आई जाळ्याबाहेर राहते असं वाक्यच नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि एसटीची वेळ विचारली.

एकूण पाठ यशस्वी. केस स्टडी तर ठरल्याप्रमाणे बोललीच.

२७ नोव्हेंबर
सोनिया आली नाही. ताप असावा.

२८ नोव्हेंबर
आली नाही. गृहभेट द्यायची ठरवली. पण डोकं जड आहे. सोमवारी.

मॅडमना मुद्दा नीट सांगता आला नाही असं वाटतं. आईचा उल्लेख गोष्टीत आहे, पण सुरुवातीला. जाळ्यात सापडतो तेव्हा आई कुठं असते ते मी लिहिलेलं नाही. तिथं लिहिण्यासारखं काही नव्हतं. गोष्ट गर्वावर आहे.

पुन्हा वाचून बघितली. आई बाहेरच असणार. दुसरीकडे कुठं असणार.

१ डिसेंबर, सोमवार
जाळी परत द्यायला गेलो, म्हणजे गृहभेटच. रंगुबाई पिशवी भरत होत्या. सोनिया दारात नवा फ्रॉक घालून बसलेली. मला बघून उठून आत गेली.

रंगुबाईंनी चहा ठेवला. सांगत होत्या, दिवाळीपास्नं पोरगी गप्पगप्पच होती, तुमी बोलतं केलंत म्हनून मंगलनं सांगितलं तवा लय बरं वाटलं. मी म्हणालो, माझी पद्धतच तशी आहे. त्यांनी मान हलवली. मग जाळीची घडी घालता घालता, रागानं नाही, असंच विचारल्यासारखं म्हणाल्या,

"आवं सर, पोरगी सारखी इचारती. आय भायेर हाय म्हनलं तर सर चूक म्हनलं. मग आय हाय तरी कुठं?"

मी म्हणालो, ते गोष्टीपुरतं होतं. माशाच्या आईबद्दल.

व्हय व्हय, म्हणाल्या. पण तिला ते कसं सांगावं. फोन लावून दिला तर फोनवर बोलत न्हाई, दाखवा म्हनती. म्हनून आता कराडला नेऊन आयच्या हवाली करते. मेंढरं तिकडं उसाच्या रानात बसलीत. शाळेचं फुडच्या वर्षी बघू.

मी म्हणालो, मी तिच्याशी बोलतो. आत गेलो. ती धान्याच्या कणगीमागं होती. खाली बसलो. तुझं उत्तर बरोबर होतं, असं म्हणायचं होतं. म्हणालो, गप्पूची आई कराडला आहे. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते कळलं नाही.

दुपारच्या गाडीनं गेल्या दोघी. मी खिडकीतून पिशवी आत दिली.

२ डिसेंबर
पाचला उठलो. अलार्मशिवाय. काही करायचं नव्हतं. बसून राहिलो.

मॅडमचा अभिप्राय आला. 'साहित्य भरपूर. ऐकण्यावर काम करावे.' ऐकण्यावर म्हणजे मुलांच्या, असं आधी वाटलं.

३ डिसेंबर, बुधवार
आज रंग, माती, मुखवटे काही नेलं नाही. सतरंजीवर बसलो. ठरवलं, नुसत्या गप्पा मारायच्या, आणि जे उत्तर येईल ते बरोबर म्हणायचं.

विचारलं, काल पाऊस का पडला नाही? साक्षी म्हणाली, पच्चात्ताप झाला म्हनून. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, बरोबर. विचारलं, धुळाचा दात का पडला? दोघं-तिघं म्हणाले, पच्चात्ताप झाला म्हनून. टाळ्या. धुळानंही वाजवल्या, तोंड उघडून खाच दाखवत. खिचडीत आज मीठ का कमी आहे? आता सगळा वर्ग. दारातून मंगलताई बघत होत्या. हसल्या नाहीत.

थांबा म्हणालो. थांबले. मग काही सुचेना म्हणून विचारलं, सोनिया का गेली?

"पच्चात्ताप झाला म्हनून," एका सुरात. आणि टाळ्या, बराच वेळ. बरोबर म्हणायचं ठरलं होतं, तसं म्हणालो.