गोळी येईपर्यंत

९ मार्च, रविवार
गंगापूरला माझा सत्कार! स्टँडवर फ्लेक्स — 'इन्सुलिनची गोळी शोधणारे आपले संघपाल'. मी कसली शोधतोय! शेंद्र्याच्या औषध कंपनीत उंदरांना औषध पाजतो, त्यांची शुगर तपासतो. प्रयोगशाळेत सगळ्यात खालची जागा माझी. विहारात माइकवर हेच सांगायचं ठरवून गेलो होतो. पण शाल अंगावर पडली, टाळ्या झाल्या, समोर रोज इन्सुलिनची सुई घेणारी आई नव्या लुगड्यात — आणि तोंडून निघून गेलं, "दोन वर्षांत सुई बंद!"
आईने डोळे पुसले. मला मेल्याला तेव्हा छानच वाटलं.

११ मार्च
उंदरांची शुगर जागची हलली नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख अभय सर म्हणाले, "पोटाला काय कळतं, हे इन्सुलिन आहे म्हणून? प्रोटीनच ते. डाळीसारखं पचवून मोकळं!" परवाची शाल कपाटात पार मागे ढकलली.

१६ मार्च
आईचा फोन. सुई वेळेवर घेतेस ना, विचारलं. "तू तुझं काम कर," म्हणाली. बरं वाटलं.

२३ मार्च
आई दवाखान्यात. शेजारच्या संध्याताईने जीपमध्ये घालून शहरात आणलं. शुगर साडेपाचशे! सत्काराच्या दिवसापासून सुई बंद. औषध फ्रिजमध्ये तसंच पडून.
मी ओरडलोच तिच्यावर. तर म्हणे, "जिचं पोरगं गोळी काढतंय, त्या मायनंच सुई टोचून घ्यायची व्हय? लोक काय म्हणतील तुला? गोळी येईपर्यंत काढते की कळ."
माझी अब्रू राखत होती! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. खाटेशी बसून सगळं सांगितलं. उंदीर, डाळ, माझी खालची जागा. अशी गोळी कधी होईल, आमच्या हातून होईल की नाही, ठाऊक नाही. मग नर्सबाई आल्या तेव्हा आईने दंड पुढे केला. माझ्याकडे बघितलं नाही.

२५ मार्च
आईची शुगर उतरली. भाकरी मागून खाल्ली.
संध्याकाळी शेजारच्या खाटेवर आमच्या गल्लीतल्या यमुनाबाईंना आणलं. शुद्ध नाही. सत्काराला आईच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. त्यांचा गोकुळ मला बघून हात जोडत आला — "दादा, बरं झालं तुमीच भेटले! मायनं बी सुई सोडली व्हती. तुमची ती गोळी... एखादी तरी द्या की आता."